जोडी दोघांची, गळे पाच जणांचे

'ब्रदर लुई' गुणगुणून दाखव म्हटलं, की माणूस कडव्याच्या वाटेला जातच नाही. थेट ध्रुवपदावर येतो आणि आपोआप आवाज बारीक करून वरच्या पट्टीत गायला लागतो. हे गाणं गाणाऱ्या मॉडर्न टॉकिंग या पॉप-जोडीची खरी ओळख म्हणजे हा वरचा, खोट्या आवाजातला (फॉल्सेटो) कोरस. पण रेकॉर्डच्या वेष्टनावर जे दोघे दिसतात, त्यांच्यापैकी कुणाचाही तो मुख्यतः नाही. ही गोष्ट कळली की या जर्मन जोडीची सगळी कारकीर्द वेगळी दिसू लागते. पाच नंबर एकची गाणी, दोनदा जमणं, दोनदा फुटणं, या सगळ्याचा उलगडा दोघांच्या स्वभावापेक्षा त्यांच्या कामाच्या वाटणीत जास्त सापडतो.

जोडीतला गायक थॉमस अँडर्स, त्याचं मूळ नाव बेर्न्ड वाइडुंग. जन्म १ मार्च १९६३, कोब्लेन्झजवळच्या म्युन्स्टरमायफेल्डचा. १९८० मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, नव्या नावानं त्याची पहिली सिंगल, म्हणजे एका गाण्याची छोटी रेकॉर्ड, आली. जोडीतला संगीतकार दीटर बोलेन त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठा, ७ फेब्रुवारी १९५४ चा, ओल्डेनबुर्गच्या बाजूचा. गॉटिंगेनला व्यवसाय-व्यवस्थापन शिकून तो १९७९ मध्ये हॅम्बुर्गला इंटरसाँग या संगीत-प्रकाशन कंपनीत लागला. संगीत-प्रकाशन म्हणजे गाण्यांचे हक्क सांभाळायचे आणि कुठलं गाणं कुणाच्या गळ्यात बसेल ते हेरायचं. बोलेनला ही नजर तिथे मिळाली. तो चाली बांधणारा तर होताच, पण गाणं हा हक्कांचा गठ्ठाही असतो हे त्याला जोडी जमण्याआधीपासून ठाऊक होतं.

१९८३ मध्ये एफ. आर. डेव्हिड या गायकाच्या एका इंग्रजी गाण्याची जर्मन आवृत्ती करायची होती. त्यासाठी बोलेनला गळा हवा होता, आणि तो अँडर्सच्या रूपानं मिळाला. पुढचं वर्ष-दीड वर्ष दोघांनी जर्मन गाणीच केली. चार-पाच सिंगल निघाल्या, त्यातली एक सोळाव्या क्रमांकापर्यंत गेली आणि बाकीच्या विरून गेल्या. तो काळच तसा होता. 'नॉय डॉयचं वेल' ही जर्मन भाषेतल्या पॉपची लाट १९८४ पर्यंत ओसरली होती आणि जर्मन शब्द ऐकले की आकाशवाणी केंद्रंही आखडती झाली होती. तिकडे इटलीहून आलेला डिस्कोचा इंग्रजी अवतार मात्र नाचघरांत जोरात होता.

मग बोलेननं एक इंग्रजी गाणं बांधलं. नेदरलँड्सच्या फॉक्स द फॉक्स या गटाच्या एका गाण्यातला उंच कोरस त्याच्या डोक्यात बसला होता. त्या धर्तीचं ध्रुवपद त्यानं अँडर्सच्या मऊ आवाजाला जोडलं. 'यू आर माय हार्ट, यू आर माय सोल' हान्सा या रेकॉर्ड कंपनीनं १९८४ च्या शरदात काढलं. वेष्टनावर दोघांचे चेहरे नव्हते. एक चकचकीत चामडी बूट आणि एक खेळायचा बूट, एवढंच. गाणं सुरुवातीला पडूनच राहिलं. जानेवारी १९८५ मध्ये 'फॉर्मेल आइन्स' या दूरदर्शनवरच्या कार्यक्रमात दोघे उभे राहिले आणि त्यानंतर ते चढत गेलं. पश्चिम जर्मनीत सहा आठवडे ते पहिल्या क्रमांकावर होतं. पाठोपाठ 'यू कॅन विन इफ यू वाँट', 'चेरी, चेरी लेडी', 'ब्रदर लुई' आणि 'अटलांटिस इज कॉलिंग' ही सगळीही पहिल्या क्रमांकावर गेली. ओळीनं पाच सिंगल, दोन वर्षांच्या आत.

आता गाण्याच्या आत जाऊ.

चांगला हेडफोन लावून 'चेरी, चेरी लेडी' ऐका. आधी फक्त तालाकडे लक्ष द्या. यंत्राचा ठेका, मात्रा न मात्रा सरळ, आणि त्यावर सीक्वेन्सरवर, म्हणजे आधी भरून ठेवलेले स्वर वाजवणाऱ्या यंत्रावर, चालणारा बास. बास एकाच स्वरावर उड्या मारतो, कॉर्ड बदलला की जागा बदलतो. त्यात चलाखी नाही, आणि ती नसणंच महत्त्वाचं आहे, कारण वर जागा रिकामी राहते. दुसऱ्यांदा ऐकताना कडव्यातला अँडर्स पकडा. तो माईकच्या अगदी जवळ, जोर न लावता गातो. श्वास ऐकू येतो. शब्दांच्या शेवटी तो स्वर ओढत नाही, सोडून देतो. हा गळा बहुतेकांच्या बोलण्याच्या पट्टीजवळ असल्यामुळे ऐकणाऱ्याला आपणही असं गाऊ शकू असं वाटतं. तिसऱ्यांदा कडवं आणि ध्रुवपद यांच्यामधला छोटा चढाव ऐका. इथे चाल पायरीपायरीनं वर सरकते, कॉर्ड दुप्पट वेगानं बदलतात, आणि ध्रुवपद येण्याच्या ऐन आधी ड्रमचा एक फटकारा येतो.

ध्रुवपद एकदा येऊन थांबत नाही, ही या गाण्यांची खरी रचना. पहिला भाग अँडर्सच्या आवाजात येतो, आपल्याला वाटतं हेच ध्रुवपद. तो संपतो न संपतो तोच दुसरा भाग येतो, वरच्या सप्तकात, कोरसचा. म्हणजे श्रोत्याला एका गाण्यात लक्षात राहणाऱ्या दोन ओळी मिळतात, आणि दुसरी पहिलीपेक्षा उंच असते. बहुतेक पॉप गाणी ध्रुवपदावर शिखर गाठतात. इथे शिखरावर आणखी एक मजला चढवलेला असतो. मला वाटतं, बोलेनचं संगीतकार म्हणून सगळं श्रेय या दुमजली रचनेत आहे. त्याचे शब्द सामान्य, कॉर्ड ओळखीचे, पण हा मजला त्यानं नेमका जागेवर चढवला.

तो मजला उभा करणारे तिघे होते: रॉल्फ क्योलर, मिखाएल शोल्त्स आणि डेटलेफ व्हीडेके. हॅम्बुर्गच्या स्टुडिओंमध्ये कोरस गाणारे हे कसलेले गायक. ध्वनिमुद्रण आणि सहनिर्मिती लुइस रॉद्रिगेझकडे असे. खोट्या आवाजात एकटा पुरुष गायला की तो पातळ आणि काहीसा दीनवाणा लागतो. तिघे एकाच स्वरावर अचूक गायले, आणि तेच पुन्हा वेगळ्या ट्रॅकवर गाऊन एकावर एक चढवलं, की आवाजांमधले बारीक फरक मिसळून चमकदार, जवळजवळ वाद्यासारखा पोत तयार होतो. यात चुकीला जागा नसते. एकाचाही 'स' किंवा 'ट' अर्धा क्षण पुढेमागे झाला तर सगळ्या ओळीवर फुसफुस पसरते. म्हणून अशा कोरसमध्ये शेवटची व्यंजनं एकानंच उच्चारायची आणि बाकीच्यांनी गिळायची, ही स्टुडिओतली जुनी युक्ती आहे.

वाद्यवृंदात किंवा कराओकेवर ही गाणी हमखास कोसळतात ती इथेच. गाणारा कडव्यात खूश असतो, कारण ते सोपं आहे. ध्रुवपदाचा दुसरा भाग आला की तो छातीतल्या आवाजानंच वर जायला बघतो, गळा आवळतो आणि ओरडतो. त्यावर पट्टी उतरवणं हा उपाय नाही. चार स्वर उतरवले तर कोरस हाती येतो, पण कडवं खड्ड्यात जातं आणि अँडर्सचा मऊपणा घशातल्या गुरगुरीत हरवतो. फार तर एक स्वर उतरवावा आणि काम वाटून घ्यावं. मुख्य गायकानं कोरसच्या ओळीला खालच्याच सप्तकात राहावं. वरची ओळ दोघातिघांनी, अगदी हलक्या आवाजात, माईकपासून वीतभर लांब उभं राहून गावी. मिक्सरवर त्यांच्या आवाजातला खालचा जाडपणा कापावा आणि थोडा प्रतिध्वनी द्यावा. जोर लावला तर जादू जाते. मूळ रेकॉर्डमध्येही कुणी जोर लावलेला नाही.

दूरदर्शनवर मात्र दोघेच दिसत. जर्मन कार्यक्रमांत तेव्हा ध्वनिमुद्रित गाणं लावून त्यावर ओठ हलवायची पद्धत होती, तिलाच तिकडे प्लेबॅक म्हणत. आपल्याकडे हा शब्द पडद्यामागच्या गायकाला मान देणारा आहे, त्याचं नाव श्रेयनामावलीत असतं. तिकडे पडद्यामागच्याला नाव नसे. अँडर्स गाण्याचा अभिनय करी ते निदान स्वतःच गायलेलं गाणं होतं. बोलेन शेजारी गिटार घेऊन उभा राही, कोरस आला की माईकपाशी तोंड नेई, आणि लोकांनी तो उंच आवाज साहजिकच त्याच्या नावावर जमा केला. काही वर्षांनी, १९९० मध्ये, जर्मनीतच घडलेल्या मिली व्हॅनिली या दुसऱ्या जोडीचं प्रकरण उघड झालं. त्या दोघांनी रेकॉर्डवर गायलंच नव्हतं. मॉडर्न टॉकिंगला त्या रांगेत बसवणं अन्यायाचं होईल. इथे मुख्य गायक खरा होता, संगीतकार खरा होता. पण जो आवाज घरोघरी गुणगुणला गेला, त्याच्या मालकांना कुणी ओळखत नव्हतं, हे खरंच आहे.

पैशाची वाटणी समजून घेतल्याशिवाय पुढचं भांडण समजत नाही. जर्मनीत गेमा ही संस्था संगीतकार, गीतकार आणि प्रकाशकांसाठी पैसे गोळा करते. आपल्याकडच्या आयपीआरएससारखं तिचं काम. रेकॉर्ड छापली, आकाशवाणीवर वाजली, नाचघरात लागली, की प्रत्येक वेळी थोडा हिस्सा गाणं लिहिणाऱ्याकडे जातो. गायकाला यातलं काही मिळत नाही. त्याला कंपनीशी झालेल्या करारातली टक्केवारी, कार्यक्रमांचं मानधन आणि कलाकारांसाठी असलेल्या जीव्हीएल या वेगळ्या संस्थेकडून येणारी रक्कम मिळते. कोरस गायकाला तर पुष्कळदा ठरलेलं मानधन देऊन मोकळं केलं जातं. मॉडर्न टॉकिंगची गाणी शब्दांसह बोलेनच्या नावावर होती. त्यांच्या बहुतेक सिंगलच्या मागच्या बाजूला त्याच गाण्याची वाद्यावरची आवृत्ती असे. ऐकणाऱ्याला हा आळस वाटतो. पण सिंगलच्या दोन्ही बाजूंना संगीतकाराचा वाटा लागू होतो. मागची बाजू दुसऱ्याच्या गाण्याला दिली नाही, तर सगळा वाटा एकाकडेच राहतो आणि नवं ध्वनिमुद्रणही करावं लागत नाही. शिवाय त्या बाजूवर गावंसं वाटणाऱ्यांना आयती साथ मिळे.

थोडक्यात, अँडर्स कार्यक्रमाला गेला नाही तर त्याची कमाई थांबत होती. बोलेन झोपला असतानाही त्याची सुरू होती. म्हणून दोघांची निकड वेगवेगळी. अँडर्सला दौरे हवे होते, बोलेनला स्टुडिओ. आणि बोलेनच्या स्टुडिओत फक्त मॉडर्न टॉकिंग नव्हतं. सी. सी. कॅच या गायिकेसाठी त्याच साच्यातली गाणी तो १९८५ पासून देत होता. १९८६ मध्ये ख्रिस नॉर्मन या गायकासाठी केलेलं 'मिडनाइट लेडी' एका दूरदर्शन मालिकेतून गाजलं आणि तेही जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेलं.

एवढं पीक एका शेतातून काढलं की जमीन थकतेच. एप्रिल १९८५ ते नोव्हेंबर १९८७ या अडीच-पावणेतीन वर्षांत मॉडर्न टॉकिंगचे सहा अल्बम आले, जवळजवळ साठ गाणी. पहिल्या तिघांत भरपूर ताजेपणा आहे. 'रेडी फॉर रोमान्स' हा १९८६ चा तिसरा अल्बम माझ्या मते सगळ्यांत सरस, कारण त्यात ठेका थोडा सैल सोडला आहे आणि कोरस ठेक्याच्या किंचित मागे झुलतो. चौथ्या अल्बमपासून ऐकणाऱ्याला पुढची ओळ आधीच कळायला लागते. 'जेरोनिमोज कॅडिलॅक' तिसऱ्या क्रमांकावर थांबलं. १९८६ च्या नाताळात आलेलं संथ गाणं पहिल्या पंचविसांतही गेलं नाही. 'जेट एअरलायनर'नं १९८७ मध्ये पुन्हा पहिल्या दहांत आणलं, पण तो शेवटचा श्वास होता. शेवटचा अल्बम निघाला तेव्हा जोडी जवळपास मोडलेलीच होती.

जर्मन वृत्तपत्रांनी फुटीचं खापर अँडर्सच्या तेव्हाच्या पत्नीवर फोडलं. तिच्या नावाची अक्षरं असलेली साखळी तो गळ्यात घाली, ती मंचावर कोरसमध्ये उभी राही, आणि बोलेनला ते खपत नव्हतं. हे सगळं घडलं, नाकारायचं कारण नाही. पण एका बाईला दोष देऊन सगळं प्रकरण मिटवणं मला कधीच पटलेलं नाही. एकाच्या नावावर सगळी गाणी आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावर सगळी ओळख, अशी भागी असली की एकाला वाटतं गळा बदलता येईल, दुसऱ्याला वाटतं गाणी बदलता येतील. दोघांनी पुढची दहा वर्षं नेमकं हेच करून पाहिलं.

मधल्या काळात ही गाणी कुठवर पोचली ते पाहण्यासारखं आहे. ब्रिटनमध्ये पहिल्या दहांत गेलं ते एकटं 'ब्रदर लुई', चौथ्या क्रमांकावर, १९८६ च्या उन्हाळ्यात. अमेरिकेनं त्यांना ओळखलंच नाही. पण सोव्हिएत संघात मेलोडिया या सरकारी कंपनीनं त्यांची रेकॉर्ड छापली, आणि पूर्व युरोप, पश्चिम आशिया, भारत इथे कॅसेटींच्या प्रतींवर प्रती निघाल्या. मुंबईत तर चाल थेट चित्रपटात उतरली. १९८७ च्या 'डान्स डान्स'मधलं बप्पी लाहिरींचं, आलिशा चिनॉयनं गायलेलं 'झूबी झूबी' ऐका आणि पाठोपाठ 'यू आर माय हार्ट' लावा. ध्रुवपदाचं नातं लपत नाही. एक फरक लक्ष देऊन ऐकण्यासारखा आहे: मुंबईच्या गाण्यात वरची ओळ स्त्रीच्या खऱ्या आवाजात आली, त्यामुळे खोट्या आवाजातला तो काचेसारखा थंडपणा गेला आणि गाणं जास्त ऊबदार, जास्त नाचरं झालं. या गाण्यांचं इंग्रजी बेताचं होतं, आणि बाहेरच्या देशांत तेच उपयोगी पडलं. पाच-सहा इयत्ता इंग्रजी शिकलेल्यालाही ओळ पाठ होई.

फुटीनंतर बोलेननं ब्लू सिस्टम हा स्वतःचा गट काढला. तीच गाणी करायची पद्धत, तोच रॉद्रिगेझ, कोरसलाही तेच गायक, फक्त पुढे स्वतःचा घोगरा आवाज. १९८७ ते १९९७ हे चाललं आणि जर्मनीत बऱ्यापैकी विकलं गेलं. कोरसनं गाणं किती उचललेलं असतं ते ऐकायचं तर ब्लू सिस्टम ऐकावं. कडव्यात बोलेन कसाबसा तग धरतो, कोरस आला की गाणं उजळतं. अँडर्सनं १९८९ मध्ये इंग्लंडात ॲलन टार्नी आणि गस डजन अशा नावाजलेल्या निर्मात्यांबरोबर अल्बम केला, पुढे स्पॅनिशमध्येही गायला. गायकी सुधारलेली दिसते, पण शिट्टीवर येईल अशी चाल मिळाली नाही.

१९९८ च्या मार्चमध्ये 'व्हेटेन, दास..?' या दूरदर्शनवरच्या मोठ्या कार्यक्रमात दोघे पुन्हा एकत्र उभे राहिले. 'बॅक फॉर गुड' हा अल्बम जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेला, 'यू आर माय हार्ट'ची नवी आवृत्ती दुसऱ्या. नव्या आवृत्त्यांत ठेका नव्वदीच्या नाचघराला शोभेल असा जोरकस आणि जलद केला होता, आणि एरिक सिंगलटनचा रॅप घातला होता. आज गाणी गोळा करायची असतील तर एक काळजी घ्यावी. संग्रहांत मूळ नाव दिसलं तरी आत १९९८ ची आवृत्ती असू शकते, म्हणून वेळ आणि वर्ष तपासावं. रॅप आला तर ती नवी समजावी. 'यू कॅन विन'च्या बाबतीत आणखी एक फरक आहे: १९८५ च्या अल्बमवरचं गाणं आणि सिंगलवरचं मिश्रण वेगळं आहे. लोकांना आठवतं ते बहुधा सिंगलवरचं, जास्त ठसठशीत. ते हवं असेल तर त्या काळच्या बारा इंची सिंगल किंवा सिंगलचे संग्रह पाहावेत.

दुसऱ्या डावातही अल्बम सहाच झाले, १९९८ ते २००३, दर वर्षी एक. 'विन द रेस' २००१ मध्ये फॉर्म्युला वनच्या प्रक्षेपणाला वापरलं गेलं. पण २००२ पासून बोलेन गायक शोधणाऱ्या दूरदर्शन-स्पर्धेचा परीक्षक झाला आणि त्याचं आत्मचरित्र तडाख्यानं खपलं. त्याला आता जोडीची गरज उरली नव्हती. ७ जून २००३ रोजी रोस्टॉकच्या कार्यक्रमात त्यानं मंचावरूनच शेवट जाहीर केला. दोन आठवड्यांनी, २१ जूनला, बर्लिनमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला. नंतरच्या आत्मचरित्रातल्या मजकुरावरून अँडर्स न्यायालयात गेला.

क्योलर, शोल्त्स आणि व्हीडेके यांनी आपल्या कामाच्या श्रेयासाठी आणि मोबदल्यासाठी वाद घातला आणि स्वतःचा गट काढला, सिस्टम्स इन ब्लू. २००४ मध्ये त्यांची पहिली सिंगल 'विनर' आली. क्योलर २००७ मध्ये वारला. 'अटलांटिस इज कॉलिंग' ऐकून झाल्यावर ती सिंगल लावून पाहा. कडव्यात येणारा आवाज कानाला परका, कुणाचा म्हणून ओळखू न येणारा. मग चढाव येतो, ड्रमचा फटकारा येतो, आणि ध्रुवपदात तोच, १९८५ पासून ओळखीचा आवाज वर चढतो.